हवेच्या भरतीची हजेरी

वामन सर गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा हेडमास्तर चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "सज्जन माणूस होता." शोकसभेत त्याच तोंडानं त्यांनी सरांना 'थोर विज्ञाननिष्ठ' म्हटलं. हयातीत हाच माणूस त्यांना 'रेडिओवाला येडा' म्हणायचा... आणि मी दात काढायचो.

मी त्या शाळेचा कारकून. आदिलाबाद जिल्ह्यातली, भीमपूरकडच्या सीमेवरची मराठी शाळा. सर तिथं विज्ञान शिकवायचे. शाळा सुटली की व्हरांड्यात रेडिओ लावून दूरदेशीची ठरलेली स्टेशनं शोधायचे. जुन्या हजेरीपटांच्या कोऱ्या पानांवर, मुलांच्या नावांच्या जागी स्टेशनांची नावं लिहून हजर-गैरहजर मांडायचे. वर्षानुवर्षं, एक दिवस खाडा नाही.

"सर, काऊन करून राह्यले हे?" मी एकदा विचारलं.

"अरे, हवेलेबी भरती-ओहोटी असते. सूर्य खालची हवा तापवते, ती फुगते, मंग बसते. तो हेलकावा वर चढता चढता मोठा होते अन् लई उंचावरचा इजेचा, म्हंजे इजेनं भारलेल्या कणांचा, थर हालवते. दूरचा रेडिओ त्याच थरावर आपटून आपल्याकडं येते. हेलकावा दर ऋतूत येगळा, म्हणून हजेरीबी येगळी. माह्या बापानं आभाळ फक्त पावसासाठी पाह्यलं. मले ते मोजाचं हाय."

निवृत्तीनंतर, सरांचं घर गळतं म्हणून ते पट शाळेच्या कपाटातच राहिले. पुढं तपासणी आली. मुदत संपलेले हजेरीपट जाळा, असा हुकूम सुटला. यादी मी केली, सहीही माझीच. वरची पानं मुलांची होती. आत काय आहे ते मला ठाऊक होतं, पण गठ्ठा सोडून बघायचा कंटाळा केला. शाळेमागं भरदुपारी जाळले.

महिन्याभरानं सर आले. आदिलाबादच्या एका प्राध्यापकांना ते पट पाहायचे होते. सर इतके खूश कधी दिसले नव्हते. "काढून ठेव ना बाबू." मी म्हणालो, "किल्ली सापडून नाही राह्यली, सर." तीनदा आले, तीनदा हेच सांगितलं. शेवटच्या खेपेला मलाच म्हणाले, "राहू दे, तुले तरास नको." त्यानंतर आठ दिवसांत गेले. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

सरांच्या पत्नी सुमनवहिनी अजून रोज त्याच वेळी रेडिओ लावतात. परवा म्हणाल्या, "भाऊजी, तेवढे पट आणून द्या. पुढची हजेरी मी मांडीन." मी मान डोलावली... तोंडावर सांगायची छाती झाली नाही. पेपरची ही पुरवणी त्यांच्या घरी येते, म्हणून इथं लिहितो. वहिनी, किल्ली माझ्या खिशातच होती. पट मी जाळले.