कन्हानकाठचा आदिमानव

माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला, हा विषय मी एकतीस वर्षं शिकवला. इतकी वर्षं एकच विषय शिकवणाऱ्याला तो कळलेला असतो असा लोकांचा समज आहे. मला तो कळला एकदाच, नोकरीच्या चौथ्या वर्षी, आणि तोही पाणी भरणाऱ्या बाईकडून. पुढची सत्तावीस वर्षं मी तो न कळल्यासारखा शिकवला.

सत्तरचं दशक होतं. नागपुरातल्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा टेम्पररी डेमॉन्स्ट्रेटर होतो. टेम्पररी म्हणजे एप्रिलात काढायचं नि जुलैत पुन्हा घ्यायचं. मधल्या उन्हाळ्यात मी कोणत्या प्राण्यात मोडतो हे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना ठरवता येत नव्हतं. "पर्मनंट झाले का या, मग मुहूर्त काढू," एवढं बोलून ते मला दारापर्यंत सोडायला यायचे. मुलगी आतून पाहायची. तीन उन्हाळे असे गेले.

चौथ्या वर्षी मार्चमध्ये मी पोरांना घेऊन कन्हानला गेलो, नदीतले मासे-बेडूक गोळा करायला. पाणी आटलं होतं. एके ठिकाणी काठ ढासळला होता आणि त्यातून लालसर, दगडासारखा टणक थर बाहेर आला होता. त्यावर दोन पावलं. एक डावं, एक उजवं.

इथे माझ्या पायांबद्दल सांगायला हवं. आईनं मला पाचव्या वर्षापासून बुटात घातलं. माझी बोटं पिशवीत कोंबलेल्या शेंगांसारखी एकमेकांवर चढलेली. माणसाचं पाऊल असंच असतं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. आणि या पावलांचा तर अंगठा शेजारच्या बोटापासून चांगला फटकून होता. पंजा पसरलेला, टाच खोल रुतलेली, दोन पावलांत अंतर जेमतेम वीतभर. पुस्तकात लिहिलं होतं की वानराचा अंगठा बाजूला असतो, माणसाचा सरळ. हा मधला. म्हणजे हा नुकताच उभा राहायला शिकलेला, अडखळत चालणारा आमचा पूर्वज! मी आनंदानं तिथल्या तिथे चार पायांवर आलो. उत्क्रांतीत मागे जायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही.

पहारीनं तेवढा तुकडा काढला. पोरांनी उचलून रिक्षात ठेवला. रिक्षावाल्यानं वाटेत दोनदा विचारलं, "साब, ये फर्शी कहाँ लगानी है?" मला त्याच्या अज्ञानाची कीव आली.

आमचे विभागप्रमुख मूळचे पुण्याचे. त्यांनी भिंग लावून पावलं पाहिली आणि दार लावून घेतलं.

"भूगर्भशास्त्रवाल्यांना एकदा दाखवू या का?" मी विचारलं.

"वेडे आहात का? ते श्रेय खातील."

भूगर्भशास्त्र तीन दारं सोडून होतं. पण त्यांच्याशी आमचं एका कपाटावरून सात वर्षं बोलणं नव्हतं. कपाट रिकामं होतं. विज्ञान अशा रीतीनं आमच्याकडे पुढे जायचं.

प्रदर्शन ठरलं. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार. हे मोठे ठेकेदार. विटा, रेती, गिट्टी आणि शिक्षण असा त्यांचा धंदा. प्रमुख मला म्हणाले, "हे नीट पार पडलं तर तुमचं काम झालं समजा." मी सासऱ्यांना पत्रिका नेऊन दिली. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि पहिल्यांदाच मला चहा पाजला.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मी फरशी रेतीच्या थरावर मांडली. समोर पाटी लावली, 'कन्हानकाठचा आद्य पुरुष'. तेवढ्यात माठ भरायला मावशी आली. ही कॉलेजात रोजीवर पाणी भरायची. घागर खाली ठेवून तिनं फरशीकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं मावशी?"

"हे काहून आनलं जी इथं?"

"आदिमानव आहे हा. लाखो वर्षांपूर्वीचा."

"मानूस नाही, बाई हाय. डोक्शावर विटा हायेत तिच्या."

"विटा?"

"टाच पाहा ना कशी रुतली. ओझं असलं का असंच रोवून चालतेत, पाऊल लांब टाकता येत नाही. अन् हे तं भट्टीचं तळ होय, बाप्पा! चिखलात पाय उमटला, त्याच्यावर भट्टी लागली, भाजून निघालं. कन्हानले मी हेच काम केलं ना, लगन झाल्यावर."

"पण हा अंगठा?" मी शेवटचं शस्त्र उपसलं.

तिनं आपला अनवाणी पाय उचलून फरशीच्या कडेला टेकवला. तिचा अंगठा तसाच फटकून उभा होता, तितकाच.

"तुमचा असा नाही काय? काढा बरं बूट."

मी बूट काढला नाही. तिनं घागर डोक्यावर घेतली आणि व्हरांड्यातून निघून गेली. पाण्याचा थेंब सांडला नाही. मान हलली नाही. आदल्या दिवशी मी फळ्यावर माणसाच्या कण्याची आकृती रंगीत खडूनं काढली होती, डोक्याचा भार कसा तोलला जातो त्याची. ती आकृती माझ्यासमोर घागर घेऊन चालत गेली, आणि तिला वानर ठरवून वर पाटी लावणारा मी टेबलाला धरून उभा होतो.

मी प्रमुखांकडे पळालो. "सर, ती वीटभट्टीची फरशी आहे."

"कोण म्हणतं?"

"पाणी भरणारी मावशी."

"तिचं शिक्षण किती?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

"पत्रिका गेल्या आहेत. तुम्हाला जुलैत परत यायचंय ना?"

"हो."

"मग आज समजावून सांगा आणि गप्प बसा."

दोन्ही एकदम कसं करायचं हे मी विचारलं नाही.

अध्यक्ष आले. सासरे तिसऱ्या रांगेत, काळी टोपी घालून. मी छडी घेऊन टाच, पंजा, अंगठा दाखवत गेलो. अध्यक्षांचं लक्ष छडीकडे नव्हतं. त्यांनी बोटाच्या पेरानं फरशीवर टकटक केलं आणि कान लावला. वीट नीट भाजली का हे ठेकेदार असं वाजवून पाहतात. मग त्यांनी फरशीची एक कड उचलली आणि खालून अंगठा फिरवला. बुडाशी अर्धी वीट चिकटलेली होती. काठावर असताना तिच्यावर चिखल होता. आता तो वाळून गळला होता. विटेवर दोन अक्षरांचा शिक्का. मी खालची बाजू कधी पाहिलीच नव्हती.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "किती वर्षाचा म्हनता हा?"

"लाखो..."

"सात वर्षं झाले ते भट्टी बंद करून. शिक्का आमचा आहे."

'साहेब, चूक झाली', एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. तिसऱ्या रांगेत काळी टोपी हलली.

"आनखी कोनाले मालूम आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

मावशी तेव्हा दाराशीच होती, पाहुण्यांसाठी पेले धूत. तिला 'कोणी'त धरायचं नसतं, हे मला कोणी शिकवायची गरज पडली नाही.

अध्यक्षांनी फरशी हलकेच खाली ठेवली, रेती सारखी केली, आणि माईक हातात घेतला. "आमच्या विदर्भाले मागास म्हनतेत! अरे, आमचा मानूस कन्हानच्या काठानं ताठ चालून राहिला होता, तवा पुण्याचा मानूस झाडावर होता, झाडावर!" हॉल दणाणला. आमच्या पुणेकर प्रमुखांनीही टाळ्या वाजवल्या.

जुलैत पर्मनंटची ऑर्डर आली. दिवाळीनंतर लग्न झालं. फरशी काचेच्या कपाटात गेली, ज्याच्यावरून सात वर्षं भांडण चाललं होतं त्याच. मावशी रोज सकाळी माठ भरताना तिकडे पाहून विचारायची, "कशी हाय जी आमची बाई?" मी म्हणायचो, "बरी आहे." मला वाटायचं, हे आमच्या दोघांतलं गुपित आहे, आणि बाई किती समंजस!

पाच-सहा वर्षांनी तिच्यानं घागर उचलेना. शेवटच्या दिवशी मी तिला हळूच म्हटलं, "मावशी, तू इतकी वर्षं कोणाला सांगितलं नाहीस."

"सांगतलं नाही?" ती चकित झाली. "त्याच दिवशी सांगतलं ना जी, सगळ्याइले. चपराशी, माळी, कँटीनवाला. तुमाले कोनी बोललं नाही काय?"

कोणी बोललं नव्हतं. फक्त दरवर्षी हा धडा आला की म्हातारा चपराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन वर्गाच्या दारात उभा राहायचा आणि मोठ्या अदबीनं विचारायचा, "आदिमानव खोलू का, सर?" त्याच्यामागे माळी उभा असायचा, कारण नसताना. मला वाटायचं, विषयाची गोडी आहे लोकांना.