मोत मावलीपर्यंत मशेरी नाही

कार्मेन मावशी तव्यावर तंबाखू भाजत होती आणि मान पार मागे वळवून बसली होती. धूर नाकात जाऊ नये म्हणून.

सत्तावन्न सालची फ्लूची साथ. कांजूर गावात घरटी कोणी ना कोणी आडवं पडलेलं. त्यात कोणीतरी उठवलं की अंगात तंबाखू गेली की फ्लू शिवत नाही. झालं! जन्मात न ओढणारे विड्या ओढायला लागले. फक्त उष्टी विडी कोणी कोणाला देईना. बायका मशेरीसाठी मावशीच्या दारात, कारण तिच्यासारखी काळी कडक मशेरी गावात कोणाला जमायची नाही. आणि मावशी स्वतः बोटभरसुद्धा दाताला लावत नव्हती.

मी शाळा सोडलेली, आई गेल्यापासून मावशीकडेच. एरवी मशेरी लावल्याशिवाय ती सकाळी कोणाशी बोलायची नाही, हे मला माहीत. पण तिचा एकुलता गिल्बर्ट तापाने फणफणला, छाती घरघरायला लागली, डॉक्टरने हात टेकले. त्या संध्याकाळी मावशीने बांद्र्याच्या मोत मावलीला, माउंट मेरीला, नवस केला. "माझा पोर उठू दे. जत्रेला तुझी पायरी चढेन. तोवर मशेरी तोंडात घालणार नाही. घातली तर त्याला ने."

मी ओरडले, "पोराच्या जिवावर कोण बोलतं गं असं?"

"मग कोणाच्या जिवावर बोलू? कोंबडीच्या?"

गिल्बर्टची जीभ काळी पडलेली. दात घासायची ताकद नव्हती, तर ती मिठाच्या पाण्यात फडकं बुडवून त्याचं तोंड पुसायची. मग चुलीतली राख घेऊन स्वतःचे दात घासायला बसायची आणि रक्त थुंकायची. म्हणायची, "राखेने हिरड्या सोलल्या." जेवण सुटलं, नुसती पेज. गालावर हात दाबून भिंतीला डोकं आपटायची.

शेजारची माणिक मशेरी न्यायला आली आणि दात काढून हसली. "काय गं कार्मेन, तलफ कशी नाचवते बघ! तंबाखूपायी एवढं?"

"मशेरी घे आणि चालती हो, नाहीतर हाच तवा तोंडावर मारीन," मी म्हटलं. मारलाही असता.

एका पहाटे गिल्बर्टचा श्वास तुटायला लागला. मावशी त्याच्या उशाशी बसून स्वतःचा पदर चावत होती. मला बघवेना. मी चिमूटभर मशेरी तिच्या ओठाशी नेली.

"लाव. मी कोणाला सांगणार नाही."

तिने असा फटका दिला की सगळी मशेरी जमिनीवर. "त्याचा श्वास चाललाय ना अजून? मग गप बस."

गिल्बर्ट उठला. खरंच उठला, आणि पहिलं काय मागितलं तर भाजलेला बोंबील. मग तोही तिच्या मागे लागला. "आई, मी बरा झालो ना? लाव की आता."

"जत्रा होऊ दे. मध्येच फसवलं तर परत मागेल ती."

सप्टेंबरात आम्ही बांद्र्याला गेलो. तिथे दुकानांत मेणाचे हात, पाय, डोकी, पुतळे मिळतात. बरं व्हायला हवं ते घ्यायचं आणि मावलीला वाहायचं. मावशीने गिल्बर्टसाठी पुतळा घेतला. मग एक मेणाचं डोकं उचललं, त्याच्या गालावरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"काही नाही गं. एका वेळी एकच मागायचं."

दर्शन झाल्यावर पायरीवरच मी डबी उघडली. ती तोंड उघडायला गेली, तर बोट जाईल एवढंच उघडलं. कशीबशी मशेरी आत सारली, डोळे मिटले. "आता," एवढंच म्हणाली, आणि रडली. मला वाटलं, सुटली बिचारी.

पुढच्या जत्रेआधी ती गेली. माणिक मातीला आली होती. मी तिला दारातच अडवलं.

इसिडोर काका, मावशीचा नवरा, त्या दिवशी मला सगळं बोलला. गालाच्या आतली जखम साथीच्या आधीपासूनची होती. घाटकोपरच्या डॉक्टरने तिला ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात जा म्हणून सांगितलं होतं. लुगडी बांधून तयार होती, तेवढ्यात गिल्बर्टला ताप आला. मशेरी लावली की जखम घटकाभर बधिर व्हायची, म्हणून ती लावायची. चव तर तिला कधीचीच कळत नव्हती.