रानडुकरापुढची ड्युटी

माझं शेवटचं पोस्टिंग एश्बॉर्न, जर्मनी. ऑर्डर मुलाची. सुशीला जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. महेश गावी आला, घराला कुलूप घातलं आणि म्हणाला, "बाबा, आता इथं एकट्यानं राहायचं नाही." मी बावीस वर्षं इन्फंट्रीत काढली, हवालदार म्हणून बाहेर पडलो. ऑर्डर आली की बिस्तरा बांधायचा, एवढं मला येतं. बांधला.

माझं शिक्षण सातवी. महेशच्या इथल्या मराठी मंडळाचा अंक निघतो, त्यात फौजेच्या आठवणी लिहा म्हणाले. लोकांना गोळीबार हवा असतो. मी लिहितोय तो प्रसंग धनुष्यबाणाचा आहे, इथल्या रानातला, दोन वर्षांपूर्वीचा. पण ही फौजेचीच आठवण आहे. शेवटपर्यंत वाचा.

एश्बॉर्नला जाग पाचलाच यायची. आठ वाजता मुलगा आणि सून ऑफिसला जायचे. मग घरात मी आणि फ्रिजचा आवाज. खालच्या मजल्यावर हेल्मुट राहायचा. वय चौऱ्याहत्तर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्यांच्या फौजेत रणगाड्यावर फेल्डवेबेल होता, म्हणजे आपला हवालदारच धरा. त्याचीही बायको गेलेली. एकदा जिन्यात त्यानं माझ्या बुटांचं पॉलिश बघितलं.

"सोल्डाट?"

"येस."

"गेनाऊ," तो म्हणाला. म्हणजे बरोबर. पैज जिंकल्यासारखा.

पुढच्या रविवारी साडेआठला खाली हॉर्न वाजला. सून म्हणाली, "बाबा, कुठं नेतायत ते तुम्हाला?"

"माहीत नाही. गाडीत बसायची ऑर्डर आहे."

त्यानं मला टाउनुसच्या रानात नेलं. जर्मनीत धनुष्यानं खरं जनावर मारायला कायद्यानं बंदी आहे. म्हणून शौकीन लोकांनी रानात फोमची जनावरं उभी केलीत. हरीण, कोल्हा, अस्वल, रानडुक्कर. एकूण अठ्ठावीस. वाटेनं चालायचं, खुंटी दिसली की थांबायचं, तिथून बाण सोडायचा. हेल्मुटचा गट जुन्या पद्धतीचा. लाकडी धनुष्य, लाकडी बाण, खरी पिसं. नेम धरायला साइट नाही, काही नाही. डोळा, खांदा आणि श्वास.

मी रायफलवाला माणूस. पहिल्या दिवशी अठ्ठावीस जनावरांत दोनाला बाण लागला. रानडुकरावरनं तिन्ही बाण गेले. हेल्मुट टोपी काढून डुकराला म्हणाला, "अभिनंदन. तू जिवंत आहेस."

मी म्हणालो, "तुझा रणगाडा आण, मग बघतो किती जिवंत राहतं."

त्याला माझं इंग्लिश अर्धं कळायचं, मला त्याचं पाव. भागत होतं. दोघं म्हातारे चार-चार तास रानात चालायचो. पानांवर पाय पडला की आवाज व्हायचा तेवढाच. बाण बरोबर सुटला तर हाताला आधीच कळतं, लागायच्या आधी. ते सुख मला बावीस वर्षं रायफलीत मिळालं नव्हतं. बारा वाजता ओंडक्यावर बसायचं. त्याची थर्मासातली कॉफी, माझ्या सुनेची थालीपिठं. लोणच्यानं त्याच्या नाकातनं पाणी यायचं. पुसायचा आणि आणखी मागायचा. बायकांबद्दल दोघंही बोललो नाही. गरज नव्हती.

बाण आम्ही त्याच्या तळघरात बनवायचो. पिसं चिकटवली की त्यांच्या पुढच्या टोकावर दोरा घट्ट गुंडाळतात, नाहीतर पीस हाताला कापतं. मी सुशीलाच्या शिलाई मशीनच्या खणातलं लाल दोऱ्याचं रीळ गावाहून आणलं होतं. का आणलं, सांगता येणार नाही. त्या रिळात सहा बाण झाले आणि दोरा संपला. ऑक्टोबरपर्यंत पाच बाण मोडले नाहीतर हरवले. सहावा राहिला.

हेल्मुट म्हणाला, "हा भिंतीवर लाव."

मी म्हणालो, "बाण भिंतीवर लावायला नसतो."

हा माझा हट्ट. पुढचं सगळं त्यातनं झालं.

आता एक नियम सांगतो, तो नीट ध्यानात घ्या. बाण चुकला तर जनावराच्या मागे जाऊन शोधावा लागतो. मागून दुसरा गट येत असतो. त्याला झाडीत वाकलेला माणूस दिसत नाही, नुसतं जनावर दिसतं. म्हणून शोधायला जाताना आपलं धनुष्य जनावराला टेकवून ठेवायचं, नाहीतर एका माणसानं जनावराच्या पुढे उभं राहायचं. धनुष्य किंवा माणूस दिसला की मागचे थांबतात. फायरिंग रेंजवर आपण लाल झेंडा लावतो, तसंच.

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. सकाळी ११:२०. रानडुकराची खुंटी. मी सुशीलाचा बाण लावला. सुटतानाच हाताला कळलं की गेला. डुकराच्या पाठीवरनं मागच्या उतारात गेला.

मी पुढे निघालो. हेल्मुटनं दंड धरला. माझा गुडघा त्याला माहीत होता.

"उतार आहे. मी जातो. तू उभा राहा."

"बाण माझा आहे."

"डू श्टेस्ट," तो म्हणाला. तू उभं राहायचंस. फेल्डवेबेलच्या आवाजात.

"यावोल," मी म्हणालो, म्हणजे जी साहेब, आणि डुकरापुढे उभा राहिलो. मी होतो म्हणून धनुष्य टेकवलं नाही. हेल्मुट नेच्यांत वाकला आणि दिसेनासा झाला.

दहा मिनिटं गेली. मग डाव्या हाताला, झुडपापलीकडे, मला लाल दिसलं. मी गेलो. बारा पावलं, नंतर मोजली. ती रानातली लाल फळं होती, एक डहाळी तुटून पडलेली. ती हातात घेऊन मी वळलो तर खुंटीपाशी एक बाई उभी. धनुष्य पूर्ण ताणलेलं. तिच्या समोर नुसतं डुक्कर.

"थम!"

परेड ग्राउंडचा आवाज निघाला. तिला हिंदी कुठनं येणार. पण ती दचकली आणि दोरी सुटली. बाण डुकराच्या पाठीवरनं गेला. मागे टक्कन वाजलं.

मग काहीच वाजलं नाही. मी किती मोजलं ठाऊक नाही.

नेच्यांतनं हेल्मुटची टोपी वर आली, मग हेल्मुट. बाण त्याच्या डोक्यावर वीतभर, झाडात रुतला होता. त्यानं बाणाकडे बघितलं, बाईकडे बघितलं.

"झू होख," तो म्हणाला. फार उंच गेला.

बाई खाली बसून रडायला लागली. तिची चूक शून्य. तिनं पुढे माणूस नाही, धनुष्य नाही, हे बघूनच बाण लावला होता. हेल्मुटनं तिला पाणी दिलं, पाठीवर थोपटलं. मग माझ्याकडे आला.

"कुठे होतास?"

मी बोट दाखवलं. माझ्या हातात अजून ती डहाळी होती. आम्ही परत निघालो.

गाडीत मी त्याला सांगितलं. इंग्लिश, जर्मन, हातवारे, जमेल तसं. सुशीलाला हे मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

उत्तरेला बर्फातली पोस्ट. आम्ही नऊ जण. माझा बडी, म्हणजे जोडीदार, लान्स नायक दत्ताराम, कोकणातला. दुपारी दोन ते चार संतरीची ड्युटी माझी. त्या दिवशी पंधरवड्यानं टपाल आलं. सुशीलाचं पत्र होतं. दत्ताराम म्हणाला, "जा रे, वहिनीचं पत्र वाच. तोवर मी उभा राहतो. तू इथं वाचलंस तर शाई गोठेल." मी बंकरमध्ये गेलो. पत्रात विशेष काही नव्हतं. म्हैस व्यायली, विहिरीला पाणी आहे, तब्येत सांभाळा. मी चार वेळा वाचलं. २:३५ ला वरनं बर्फ सुटला.

रेडिओवर मीच बोललो.

"पोस्ट, रिपोर्ट. ओव्हर."

"एक जवान बर्फाखाली. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"संतरी. ओव्हर."

तिसऱ्या दिवशी सापडला. उभा होता त्याच जागी. रायफल खांद्याला.

हेल्मुटनं गाडी कधी बाजूला लावली, मला कळलं नाही. इंजिन बंद होतं. मी म्हणालो, "दत्ताराम माझ्या पत्रासाठी उभा राहिला, त्यानं जागा सोडली नाही. मी एका दोऱ्यासाठी सोडली. मला आता रानात नेऊ नकोस." त्यानं समोरची काच पुसली. मग किल्ली फिरवली.

आठवडाभर मी धनुष्य उलटं करून कपाटामागे ठेवलं. सुशीला असती तर म्हणाली असती, "अहो, दोऱ्यापायी माणूस घालवताय होय?" बरोबर म्हणाली असती.

रविवारी साडेआठला हॉर्न वाजला. मी गेलो नाही. परत वाजला. पाच मिनिटं वाजत राहिला. सून म्हणाली, "बाबा, बिल्डिंगमधले लोक तक्रार करतील. इथं रविवारी खिळासुद्धा ठोकत नाहीत." खाली गेलो.

रानडुकरापाशी त्यानं बाण काढलाच नाही. स्वतःचं धनुष्य खुंटीला टेकवलं. मला दंडाला धरून डुकरापुढे उभं केलं.

"डू श्टेस्ट."

आणि तो डुकराच्या मागे गेला. शोधायला काही नव्हतं. उतारावर, माझ्याकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा राहिला. सरळ खुंटीच्या रेषेत. मागनं तीन जणांचा गट आला. मी हात वर केला. ते थांबले. एकानं काहीतरी विचारलं, मी हात खाली घेतला नाही. डावीकडे तीच लाल फळं होती. मी बघितलं नाही.

मग हेल्मुट वर आला, गुडघ्याची माती झटकली आणि म्हणाला, "आल्झो. कॉफी." चला, कॉफी.

सुशीलाचा बाण सापडला नाही. त्या उतारातच आहे. आता मी शोधत नाही. या फेब्रुवारीत हेल्मुट झोपेतच गेला. त्याच्या मुलीनं मला त्याचं धनुष्य दिलं. मी एकटाच जातो, आणि बाण आणायला मागे जाण्याआधी तेच डुकराला टेकवतो.

रिपोर्टात लिहिलं होतं, संतरी ड्युटीवर असताना गेला. ड्युटी कुणाची होती ते लिहिलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. म्हणून इथं लिहितो. २:३५ ला ती ड्युटी माझी होती. लान्स नायक दत्ताराम तिथं उभा होता. तो हलला नाही.