आक्काच्या गाडीची बॅटरी

सकाळची पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता. एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्यांच्या कारखान्यात यंत्रांपुढे फोन ऐकू येत नाही, म्हणून मी बाहेर आलो. आक्काच्या शेजारच्या लीलाबाई बोलत होत्या. "भाऊ, आक्का उठून न्हाई राह्यल्या. जल्दी या." मी पोचलो तेव्हा माझी थोरली बहीण झोपेतच गेलेली होती. त्याला आता दीड महिना झाला.

आक्का आष्टीच्या शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नाही. माझं शिक्षण तिनेच केलं. निवृत्तीनंतर जालन्यात घर घेतलं आणि त्या वयात गाडी शिकली. आमच्या वस्तीत गाडी चालवणारी पहिली बाई तीच. गाडी वापरलेली, पण हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं, शेजारी बसलेला दचकायचा आणि आक्का हसायची. "बंद न्हाई पडली. इचार करून राह्यली." कुणा जुन्या विद्यार्थिनीचं लग्न, कुणाचं बारसं... ती अख्खा जिल्हा हिंडली.

मग तिला कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं सुरू झाली, आणि त्याच सुमारास गाडीत लाल दिवा लागला. मेकॅनिक म्हणाला, मागची मोठी बॅटरी संपत आली. ती गेली की गाडी सुरूच होणार नाही. नुसते खराब सेल बदलले तर थोडे महिने निघतील, नवी टाकली तर सात-आठ वर्षं बघायला नको. खर्च मोठा होता, पण पैसे तिचे होते आणि तिच्याकडे होते. तरी तिने मला विचारलं.

"राजू, काय करावं? नवी टाकू का?"

मी मोबाइलमध्ये बघत होतो. "आता कशाला, आक्का? सात-आठ वर्षांची बॅटरी टाकून..."

पुढचं मी बोललो नाही. बोलायची गरजच उरली नव्हती. ती म्हणाली, "बराबर हाय तुझं."

डॉक्टरांनी मुदत कधीच सांगितली नव्हती. ती मी माझ्या मनाने ठरवली होती.

आक्का त्यानंतर चार वर्षं जगली. बॅटरी तशीच राहिली आणि गाडी दोन महिन्यांत अंगणातच बंद पडली. एसटीचे हिसके तिला सोसत नव्हते. आष्टीच्या एका विद्यार्थिनीला मुलगी झाल्ती, तिला बघायला ने म्हणून ती सांगायची. मी म्हणायचो, येत्या रविवारी. ती मुलगी आता बालवाडीत जाते. आक्काने तिला पाहिलं नाही. पुढे तिने विचारणंच सोडलं आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना आणि जेवण उरकून लोक पांगल्यावर लीलाबाई म्हणाल्या, "रोज चार वाजता चहा घेऊन त्या गाडीत जाऊन बसायच्या, भाऊ. दार उघडं ठेवून. एकदा मी इचारलं, आक्का, कुठं गेल्त्या? तर म्हन्ल्या, आष्टीला जाऊन आले."

परवा मी फडकं घेऊन गाडी पुसायला गेलो. शेजारच्या सीटवर कपाच्या बुडाचे गोल डाग आहेत, एकावर एक, इतके की कापडाचा मूळ रंग दिसत नाही. मी फडकं टेकवलं आणि उचललं. मग तिच्या जागेवर बसून किल्ली फिरवली...

काहीच वाजलं नाही.