भावाची तपासणी, आईचा इलाज

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज दुपारचीच गोष्ट आहे.

माझा भाऊ तळेगाव ढमढेऱ्याहून नोकरीसाठी इंग्लंडला गेला. तिथल्या दवाखान्यात भारतातून आलाय म्हणून त्याची जंतांची तपासणी केली. त्याला फार अपमान वाटला. पण खरंच जंत निघाले, अनवाणी पायांतून शिरणारे.

त्यानं लगेच फोन केला. "अक्का, आईलाबी तपासून घे. तीबी मळ्यात अनवाणीच असती."

आईच्या अंगात रक्त कायम कमी, सारखी थकलेली. आम्ही कित्येक वर्षं म्हणायचो, वय झालं.

आज तिचा रिपोर्ट आला. तेच जंत, आतून रक्त पिणारे! डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हणाले, बऱ्या होतील.

आई हसली. "म्हंजी मी म्हातारी न्हवते झाले व्हय!"

तुमच्या घरात कुणाचा थकवा वयावर ढकललाय का?