कासरा कुणी ओढला?

खोटं बोललेलं मला अजिबात खपत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की लासुर्ण्यातल्या आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं आमचे मालक म्हणतात. मालक म्हणजे माझा नवरा. तरीही माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोललेली तीन माणसं आहेत, आणि त्यांची आठवण झाली की मी मनातल्या मनात हात जोडते. आमचे मालक त्यातलेच एक.

बैलगाडी शर्यतींवरची बंदी उठली आणि मालकांच्या अंगात वारं शिरलं. ऊस एकीकडं, गाई एकीकडं आणि बाजारातून आणलेलं एक खोंड एकीकडं. रंगानं कोसं, म्हणून सगळे त्याला कोसा म्हणायचे. मी नाही. आणलं त्या दिवशी ते वैरणीला तोंड लावेना, नुसतं कोपऱ्यात अंग चोरून उभं. मी हातावर गूळ-भाकरी घेतली आणि म्हटलं, "या पाव्हणं, या! लाजताय काय एवढं?" आलं की हो! तेव्हापासून रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात उभी राहून मी तेवढंच म्हणायचे. मालक त्याला फिरवून आणत असायचे, त्यांच्या हाताला हिसका देऊन तो सुटायचा तो थेट माझ्याकडं.

"दावं माझ्या हातात आन् ऐकतंय तुझं," मालक कुरकुरायचे.

"शहाणं हाय म्हणून ऐकतंय," मी म्हणायचे.

आमच्या गाडीला दोन माणसं महत्त्वाची. एक ड्रायव्हर. बैलांचे कासरे हातात धरून शर्यतीची छकडी, म्हणजे हलकी गाडी, हाकणाऱ्याला आमच्याकडं ड्रायव्हरच म्हणतात. हा पळसदेवचा, एरवी उजनीच्या पाण्यात जाळी टाकणारा, मिशा भरघोस आणि बोलणं कमी. मला वहिनी म्हणायचा. दुसरे आबा, मालकांचे चुलते. बैल जुवाला बांधायचं काम त्यांचं. मानेखालचा पट्टा, त्याला सापती म्हणतात, तो आबांनीच आवळायचा, दुसऱ्या कुणी हात लावला तर खवळायचे.

बारामतीकडच्या एका मैदानावर कोशाची पहिली मोठी शर्यत ठरली. जोडीला पणदऱ्याच्या एका माणसाचा बैल. मी म्हटलं, मी येणार. बायका मैदानावर फारशा जात नाहीत.

"काय बघायचंय तितं? नुसती धूळ," मालक म्हणाले.

"मग धूळ बघते."

गेले. मैदानाच्या डाव्या बाजूला, दोराच्या अलीकडं, गर्दीत उभी राहिले. प्रत्येक गाडीनं आपापल्या चाकोरीत पळायचं आणि समोरचं निशाण गाठायचं. गाड्या सुटल्या. आमची सगळ्यांच्या पुढं! मला काही सुधरेना. माणसं ओरडत होती, मीही बेंबीच्या देठापासून ओरडले. मग एकदम आमची गाडी डावीकडं वळली, चाकोरी सोडून बांधावर चढली आणि उलटली. माणसं पळाली, कुणीतरी मला दंडाला धरून मागं ओढलं, धुळीत काही दिसेना. धूळ बसली तेव्हा ड्रायव्हर बांधाखाली पडलेला, खांदा धरून. पणदऱ्याच्या बैलाचा गुडघा सोलटलेला. कोसा थरथरत उभा होता. मी जवळ गेले तर त्यानं माझ्या खांद्यावर तोंड टेकलं. घाबरलंय बिचारं, असं मला वाटलं.

चार दिवसांनी आमच्या अंगणात बैठक बसली. ड्रायव्हरचा हात गळ्यात बांधलेला. पणदऱ्याचा माणूस तावातावानं बोलत होता. "तुमचा बैल चाकोरी सोडतोय. असल्या बैलासंगं जोडी कोण लावंल? आज खांदा मोडला, उद्या मान मोडंल."

मालकांचं तोंड एवढंसं झालेलं. ते म्हणाले, "बैलाची खोड असंल तर मी त्याला इकून टाकतो. माणसाच्या जिवापरीस बैल मोठा न्हाय."

मी चौकटीला धरून उभी होते.  शर्यतीतून काढलेला, खोडीचा म्हणून नाव झालेला बैल कुणाच्या दावणीला जाईल आणि त्याचं काय होईल, हे मला कुणी सांगायला नको होतं.

तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "बैलाचं काय न्हाय. डावा कासरा माझ्याच्यानं जादा ओढला गेला."

"काय बोलतोयस?" आबा उसळले. "ह्यो कशाला कासरा ओढतोय? सापती मीच ढिली बांधली. जू सरकलं, म्हणून बैल फिरला. ह्याचा काय दोष न्हाय."

"आबा, सापती टाईट हुती. मी हात लावून बघितली हुती."

"तू बघितली? माझ्यापरीस तुला कळतंय?"

झालं! दोघं हमरीतुमरीवर आले. भांडण आपल्या अंगावरची चूक दुसऱ्यावर ढकलायला असतं, हे मला माहीत होतं. हे दोघं ती एकमेकांच्या हातातून हिसकावून घेत होते. माझी तर मतीच गुंग झाली. दोघांतला एक खोटं बोलत होता एवढं नक्की, आणि तो कोशाला वाचवायला बोलतोय असं मी धरून चालले. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं चालवून घेतलं आणि आत जाऊन चहा टाकला.

कोसा राहिला. पण ड्रायव्हरला पुढं कुणी गाडीवर बसवेना. त्याचं सारं नाव त्या हातांवर होतं, आणि इंदापुरापर्यंत त्याला लोक 'डाव्या कासऱ्याचा' म्हणून चिडवायला लागले. आबांनाही पोरंटोरं विचारायची, "आबा, पायजम्याची नाडी तरी घट बांधलीय न्हवं?" दोघंही हसून सोडून द्यायचे.

खांदा भरून आल्यावर ड्रायव्हर आमच्याच शेतातल्या रस्त्यावर, गावातलाच एक बैल जोडीला घेऊन कोशाचा सराव घ्यायला लागला. आणि एक नवीनच सुरू झालं. गाडी जुंपली की मला पिटाळायचे. "वहिनी, जरा चहा टाका." "सूनबाई, ऊन हाय, घरात जा." मालकसुद्धा, "अगं, गाईला पाणी दाखव की." अरे, गाईला आत्ताच पाणी दाखवलंय! एकदा माझं डोकं फिरलं. मी आबांना म्हटलं, "मी काय अपशकुनी हाय का?"

आबांचा चेहरा पडला. "असं कुणी म्हणू न्हाय म्हणूनच तर..." एवढं बोलून ते सापतीशी खटपट करत बसले. मी ऐकलं, पण रागात असलेल्या माणसाला ऐकलेलं कळतं थोडंच!

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. उसाच्या कडेला, रस्त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिले, पदरात गूळ-भाकरी. बघू कोण हाकलतंय! लांबून गाडी येताना दिसली. कोसा असा काही पळत होता की माझा राग कुठल्या कुठं गेला. मी टाळी वाजवली आणि ओरडले, "या पाव्हणं!"

कोशानं मान वळवली. आणि गाडी, जोडीचा बैल, ड्रायव्हर, सगळ्यांना ओढत तो सरळ माझ्याकडं निघाला.

"वहिनी, मागं व्हा!" ड्रायव्हर ओरडला. त्यानं पाय रोवून दोन्ही कासरे खेचले, मालक आणि आबा पळत येऊन जुवाला लोंबकळले, तेव्हा कुठं गाडी थांबली. कोशानं मान लांब करून माझ्या खांद्यावर तोंड टेकलं. त्या दिवशी मैदानावर टेकलं होतं तसंच.

 मालक जमिनीकडं बघत होते. आबा उगाच फेटा सारखा करत होते.

"मैदानात पण ह्येच झालं हुतं?" मी विचारलं.

"न्हाय वहिनी," ड्रायव्हर म्हणाला, "कासरा माझ्याच..."

"गप बसा!" मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं. त्या मोडक्या खांद्याचा माणूस अजून खोटं बोलत होता.

मग आबांनी सांगितलं. "धूळ बसायच्या आधीच एकजण म्हणाला हुता, बाई कशाला आणली मैदानात? तुझं नाव निघालं आसतं, तर जलमभर लोकांनी तुझ्या नावानं बोटं मोडली आसती, पोरी. ड्रायव्हरनं तुझी 'या पाव्हणं'ची हाक ऐकली हुती. मीबी ऐकली हुती. आमी एकमेकाला काय इचारलं न्हाय. जे सुचलं ते बोललो. तुझ्या मालकाला आमी मागनं सांगितलं."

दोघांनी आधी ठरवलं असतं तर एकच गोष्ट सांगितली असती. ठरवलंच नव्हतं. दोघांनी आपापलं नाव पुढं केलं होतं, एवढंच. माझ्या रक्ताच्या माणसांनीसुद्धा माझ्यासाठी एवढं केलं असतं का, देव जाणे.

मी जाहीर करून टाकलं की परत मैदानाचं तोंड बघणार नाही. पुढची शर्यत आली, त्या दिवशी सकाळीच ड्रायव्हर दारात. गाडीवर त्याला बसवणारे अजून फक्त आम्हीच होतो.

"वहिनी, तुमी आल्याबिगर मी कासरा हातात घेत न्हाय."

"आणि परत वळला म्हणजे?"

"वळणार न्हाय. उभं कुठं राहायचं ते मी सांगतो."

मला त्यानं निशाणाच्या पलीकडं नेलं. बैल धरणाऱ्या माणसांच्या मागं, आमच्या चाकोरीच्या अगदी नाकासमोर. पणदऱ्याचा माणूस तिथंच होता. तो माझ्याकडं बघून काहीतरी पुटपुटला. ड्रायव्हर त्याला एवढंच म्हणाला, "ह्या आमच्या टीममधल्या हायत." आणि गाडीकडं गेला.

गाड्या सुटल्या.  मग सगळा जीव एकवटून मी ओरडले, "या पाव्हणं, या!"

नंबर किती आला ते मालकांना विचारा, त्यांना पाठ आहे. मी काही नंबर बघितला नाही. कोसा नाकासमोर माझ्याकडं येत होता आणि त्याच्यामागं ड्रायव्हरच्या दोन्ही हातांत कासरे सैल होते.