रोज्याचा साबुदाणा

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मागे एकाला हसता हसता ठसका लागला होता.

मी एकदा मस्कतला गेलो होतो. हो, मीच! भडगावच्या पलीकडे ज्याला कुत्रंही ओळखत नाही, तो मी विमानात बसलो. आमची शोभा तिकडे असते. जावई वीज कंपनीत. तिला मुलगा झाला. खरं तर तिच्या आईनं जायचं. पण ती म्हणाली, "मी काय त्या विमानमां बसाव नही. तुम्ही जा. मी नही ते नही, मनी गोधडी जाई."

आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी तिनं शिवली होती. धुवून धुवून मऊ झालेलं सूत. नातू आजीच्या मांडीवर नाही, तर निदान तिच्या लुगड्यावर निजावा. एवढंच तिचं मागणं.

लोकांनी मला आधी उन्हाची भीती घातली. "आबा, तिकडं फार तापतं हो!" आता तुम्हीच सांगा, खानदेशातल्या माणसाला उन्हाची भीती घालतात का? वैशाखात आमच्याकडे बाई खाटेवर पापड टाकून वळत नाही, तोच तो वाळलेला असतो. खिशात कांदा, डोक्याला उपरणं. झालं!

खरी भीती घातली ती आमच्या गावातल्या बापूनं. बापूचा भाचा कुवेतला होता, म्हणून अरबस्तान सगळं बापूला पाठ.

"आबा, तू जाशी तवय रमजान लागी," तो म्हणाला. "महिनाभर बठ्ठा मुलूख उपास धरस. तुलेबी धरना पडी."

"मलेबी?"

"पावना शे ना तू! ते उपाशी, आनि तू त्यासना म्होरे ढेकर देशी?"

मला पटलं. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. आणि उपासाचं काय एवढं? एकादशी आहे, शिवरात्र आहे, धरतोच की आपण!

इथंच माझी गाडी घसरली बघा. उपास म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? साबुदाणा!

आमच्या बांधाला बांध लागून कासमभाईचं शेत. तो दर वर्षी रोजे धरायचा. त्याला विचारलं असतं तर? पण तो केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला गेलेला. आणि रोज्याला तो दिवसभर काय खातो, हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं. खात असेल खिचडी, म्हटलं!

महिनाभराचा उपास म्हणजे सामान काय थोडं लागतं? साबुदाणा घेतला, भगर घेतली. गावात बातमी फुटली. शेजारची अक्का राजगिऱ्याचे लाडू घेऊन आली. कुणी शेंगदाणे भाजून दिले, कुणी बटाट्याचा कीस. केळीचे वेफर्स तर घराघरांतून आले. एक म्हातारी चक्क माझ्या पाया पडून गेली. "महिनाभरना उपास! धन्य शे आबा तुमी!"

मग ट्रंक केळी तोलायच्या काट्याला टांगली. विमानात वीस किलोच चालतं. काटा पार वाकला! शोभासाठीचे उडदाचे पापड काढले. तरी जड. भाकरीसाठीचं ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ काढलं. तरी जड. उरली गोधडी.

"पोस्टानं पाठवू," मी हळूच म्हणालो.

शोभाची आई उठली. गोधडीची घडी काखेत धरून आत गेली. त्या रात्री मला भाकरी मिळाली. भाजी मिळाली नाही.

निघायच्या दिवशी कासमभाई परतला. मला चाळीसगाव स्टेशनवर सोडतो म्हणाला. त्यानं ट्रंक उचलली, तशी परत खाली ठेवली.

"आबा, दगड भऱ्यात का काय?" त्यानं झाकण उघडलं. बघतच राहिला. "हाई काय शे? तठे दुकान टाकस का?"

"रोजासना फराळ शे," मी म्हणालो. थोडं अभिमानानंच.

"रोजासना फराळ?"

"महिनाभर पुराले पाहिजे ना!"

"अरे आबा, रोजाले आम्ही दिनभर पानीबी पेतस नही!"

मी ट्रंकेतल्या पिशव्यांकडे बघितलं. मग विचार करून विचारलं, "मंग साबुदाना चालत नही?"

कासमभाई जो हसायला लागला, तो ट्रकच्या चाकाला टेकून खालीच बसला. आमची मंडळी दारात उभी होती, काखेत गोधडी. तिनं पदर तोंडात कोंबला.

"आनि तुले रोजा धराले कोन सांगस?" तो डोळे पुसत म्हणाला. "पावना शे तू. घरमां पोटभर जेव. दिनमां रस्तावर खाऊ नको, बस! वहिनी, आना ती गोधडी इकडे."

साबुदाणा उतरला, गोधडी चढली. पापडही परत ट्रंकेत गेले. एका फटीत वेफर्सची एक पिशवी तेवढी राहिली.

मस्कतला शोभानं गोधडी उलगडली आणि एका तुकड्यावर बोट ठेवलं. "आबा, हे आईचं हिरवं लुगडं! हे बघा केळीच्या चिकाचे डाग." मग कितीतरी वेळ ती त्या डागांवरून हात फिरवत बसली. बाळ गोधडीवर टाकलं, तसं पाय ताणून निजलं.

वरच्या मजल्यावरची बाई रोज संध्याकाळी रोजा सुटला की आम्हाला ताट पाठवायची. खजूर, समोसे, शिरा. मी दुपारीही जेवायचो आणि तिचं ताटही संपवायचो. मलाच लाज वाटायला लागली. म्हटलं, कासमभाईच्या नावानं एक तरी रोजा धरावा. धरला! पहाटे उठून जेवलो आणि बसलो.

गावी आल्यावर कासमभाई बांधावर भेटला. मी छाती काढून सांगितलं, "एक रोजा धरी उनू!"

त्यानं मला मिठीच मारली. "पुरा धरा?"

"पुरा!" मी म्हणालो. "दुपारले जराखा वेफर्स खादात. पन उपासनाच व्हतात ना!"